मोर कुठे नाचवायचा आणि कुठे नाही

या आठवड्यातलं पत्र. नाव काढलंय आणि थोडं छाटलंय, बाकी तिच्याच शब्दांत.

"टीचर, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातली. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश, म्हंजे आपल्याकडे सगळ्यांचं असतं तसंच. दीड वर्ष झालं, कळंगुटला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. मागच्या शनिवारी एक वयस्क फॉरेनर जोडपं चेक-इनला आलं, त्यांना मी सांगत होते की सी-साइडची रूम 'मोर बेटर' आहे, 'मोर बिगर' पण आहे, फक्त 'लिटल कॉस्टली दॅन गार्डन रूम'. बाजूला ड्युटी मॅनेजर उभा. त्याने त्यांच्यासमोरच मला थांबवलं, मोर बेटर नाही, नुसतं बेटर, किती वेळा सांगायचं. बेलबॉय पण हसला. त्यांनी सी-साइडची रूम घेतली ते सोडा, पण त्या दिवसापासून कोणी दोन रूम्समधला फरक विचारला की मी 'बोथ आर गुड' म्हणून मोकळी होते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या हॉटेलात गेस्ट रिलेशन्सचा इंटरव्ह्यू आहे. मोर कधी लावायचं आणि शेवटी ईआर कधी, हे एकदाचं सांगा. नेटवर बघितलं तर सगळीकडे वन सिलेबल टू सिलेबल, मला सिलेबलच कळत नाही. आणि अजून एक, माझी बहीण म्हणते 'आय अ‍ॅम एल्डर दॅन हर' बरोबर, मी म्हणते 'एल्डर टू हर'. पैज लागलीय. आणि क्वायटर की मोर क्वायट?"

बाय, सगळ्यात मोठी गोष्ट तू स्वतःच लिहिलीयस आणि 'ते सोडा' म्हणून सोडून पण दिलीयस. त्यांनी रूम घेतली. तुझं मोर बेटर त्यांना कळलं, पटलं आणि त्यांनी जास्तीचे पैसे मोजले. हसला तो बेलबॉय, चिडला तो मॅनेजर, गेस्ट नव्हे. गेस्टसमोर आपल्याच स्टाफला असं टोकणं हे मोर बेटरपेक्षा कितीतरी वाईट, पण त्याने मला पत्र लिहिलेलं नाही त्यामुळे त्याला सल्ला देता येत नाही.

खरं नुकसान केलंय ते त्या 'बोथ आर गुड'ने. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकतेयस ते समजू शकते, पण तुझं कामच मुळी तुलना करायचं आहे गो. ही रूम मोठी, ती शांत, ही बीचला जवळ, ती स्वस्त, ह्याला बाल्कनी आहे आणि त्याला नाही. हे सांगायचं नसेल तर काउंटरवर माणूस कशाला हवा, रेट कार्ड टांगून ठेवलं तरी चालेल.

आता चूक नेमकी कुठून येते ते बघ, कारण ती आळसातून येत नाही, मराठीतून येते. आपण म्हणतो मानकुराद आंबा गोड आहे. आणि मानकुराद हापूसपेक्षा गोड आहे. दोन्ही वाक्यांत 'गोड' तोच, जागचा हललेला नाही, सगळं काम एकटं 'पेक्षा' करतं. घरी कोकणीत बोलत असशील तर 'हापूसापरस' म्हणशील, तिथं पण 'परस'ने काम केलं आणि गोड आपला निवांत. (देवगडवाल्यांनी ह्या वाक्यावर पत्रं पाठवू नयेत, मी छापणार नाही.) इंग्लिशमध्ये मात्र 'दॅन' आलं म्हणून विशेषणाची सुटका होत नाही, विशेषणाला पण वेगळं तिकीट काढावं लागतं. तिकिटं दोन प्रकारची. एक शेवटी चिकटवायचं, 'ईआर'वालं, आणि दुसरं आधी लावायचं, 'मोर'वालं. प्रवासी एक तर तिकीट एक. तुझं 'लिटल कॉस्टली दॅन' बिनतिकिटाचं निघालं, कारण डोक्यात मराठी होती आणि मराठीत 'पेक्षा' म्हटलं की झालं. आणि मोर बेटर, मोर बिगर ह्यांनी दोन दोन तिकिटं काढली, कारण आपण 'जास्त चांगली', 'जास्त मोठी' असं पण म्हणतो, तो 'जास्त' मोर होऊन पुढे उभा राहिला, आणि शाळेत पाठ केलेलं बिगर मागून आलंच. गंमत म्हंजे मराठीत 'बिगर' म्हंजे शिवाय, बिगरतिकीट म्हणतो ना, आणि नेमका हाच शब्द तिथं दोन तिकिटं घेऊन बसलाय.

तुला हे येत नाही असं पण नाहीये. तू बारावी कुठून केलीस विचारलं तर काय सांगशील? हायर सेकंडरीतून. गोव्यात अकरावी-बारावी म्हंजे हायर सेकंडरी, रिक्षावाल्याला पण कळतं. त्यातला 'हायर' हेच ते, हायला ईआर लावलेलं. आजवर कोणी मोर हायर सेकंडरीला अ‍ॅडमिशन घेतल्याचं मी ऐकलं नाही. म्हंजे कानाला कळतं, फक्त वाक्य स्वतः बनवायला गेलं की घाबरून दोन्ही तिकिटं काढली जातात.

आणि आपल्या भाषेत पण ही शेपटं होती बरं का. गणितात लसावि-मसावि केले असशील, मसावि म्हंजे महत्तम सामाईक विभाजक, त्यातला 'तम' म्हंजे सगळ्यात. 'तर' आणि 'तम' हे संस्कृतचे ईआर आणि ईएसटी, आपला 'तारतम्य' हा शब्द त्या दोघांच्याच जोडीतून आलाय. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ ह्यांच्या शेवटी जो 'इष्ठ' ऐकू येतो तो तर इंग्लिशच्या 'ईएसटी'चा लांबचा सख्खा भाऊ, भाषावाले दोघांचं मूळ एकच सांगतात. आता श्रेष्ठमध्येच 'सगळ्यात चांगला' आहे, तरी आपण सर्वश्रेष्ठ म्हणतो, श्रेष्ठतम पण म्हणतो, म्हंजे मोस्ट बेस्टच की ते, आणि ते आपण भाषणात छाती फुगवून म्हणतो. इंग्रज लोक पण शेक्सपिअरच्या काळात असं डबल बिनधास्त लिहायचे, जोर द्यायला. पुढे अठराव्या शतकात व्याकरणाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ते चुकीचं ठरवलं आणि तेव्हापासून ते चुकीचं आहे. त्यामुळे तुझं मोर बेटर अडाणीपणाचं नाही, चारशे वर्षं उशिराचं आहे. पण इंटरव्ह्यू ह्या वर्षी आहे तेव्हा ते सोडावं लागेल.

सिलेबल म्हंजे काय ते असं समज. हात हनुवटीखाली आडवा धर आणि शब्द बोल, हनुवटी जितक्या वेळा हाताला लागेल साधारण तितकी सिलेबल्स. बिग, एकदा. चीप, एकदा. नॉइझी, दोनदा. एक्स्पेन्सिव्ह, तीनदा. काउंटरवर करू नकोस, बसमध्ये कर, डिचोली ते कळंगुट बराच वेळ मिळतो.

तर मोर हा पक्षी मोठ्या अंगणातच नाचतो, एका खोलीच्या घरात त्याचा पिसारा मावत नाही. एकदाच हनुवटी लागली तर ईआर: बिगर, चीपर, क्लोजर, न्यूअर, हॉटर. तीनदा किंवा जास्त लागली तर मोर: मोर एक्स्पेन्सिव्ह, मोर कम्फर्टेबल, मोर ब्युटिफुल. ह्या दोन टोकांना फारसा वाद नाही. भांडण दोनवाल्यांचं. त्यातले ज्यांच्या शेवटी 'ई' ऐकू येतो आणि स्पेलिंगला वाय असतो ते ईआरच्या बाजूचे, नॉइझीचं नॉइझिअर, इझीचं इझिअर, बिझीचं बिझिअर, वायचा आय होतो तेवढं लिहिताना बघ. बाकीचे दोनवाले बहुतेक मोरकडे जातात, मोर मॉडर्न, मोर स्पेशस, मोर पीसफुल, मोर क्राउडेड. टायर्ड, बोअर्ड असले क्रियापदातून आलेले शब्द किती का छोटे असेनात, मोरच घेतात, मोर टायर्ड. आणि काही जण दोन्ही घरचे पाहुणे, क्लेव्हर, सिम्पल, नॅरो, पोलाइट, क्वायट, त्यांना ईआर पण चालतं आणि मोर पण. तुझा क्वायटचा प्रश्न इथंच सुटला.

स्पेलिंगचं एकच सांगते कारण तुला गेस्टना मेल लिहावे लागत असतील. बिगमध्ये एकच छोटा स्वर आणि मागे एकच व्यंजन म्हणून जी डबल होतो, हॉटचा टी पण तसाच. चीपमध्ये दोन स्वर आहेत, तिथं पी एकच. बास.

गुड, बॅड, फार (म्हंजे लांब), लिटल, मच हे कुठल्याच नियमात बसत नाहीत, बेटर-बेस्ट, वर्स-वर्स्ट, फर्दर, लेस, मोर, पाठ करायचे आणि गप्प बसायचं. ह्यांच्यात तिकीट आतच छापलेलं असतं. बेटरच्या पुढे मोर नाही, वर्सच्या पुढे नाही, आणि 'वर्सर' असा शब्दच नाही, मी पेपर तपासताना तो इतक्या वेळा बघितलाय की एकदा मलाच डिक्शनरी उघडून खात्री करावी लागली.

आता तुला मोर बेटर म्हणावंसं का वाटलं? कारण नुसतं बेटर फिकं वाटतं. सी-साइडची रूम थोडी नाही, खूपच चांगली आहे हे सांगायचं होतं. बरोबर आहे, पण मग तिथं मोर नव्हे, 'मच' आण. मच बेटर. मच बिगर. इंग्लिशमधलं 'फार' लावून फार बेटर पण चालतं, अ लॉट बेटर बोलताना अगदी सहज वाटतं. 'व्हेरी बेटर' मात्र नाही, व्हेरीला साधंच विशेषण लागतं, व्हेरी गुड, व्हेरी बिग. आणि मोरवाल्या शब्दांच्या पुढे पण हेच मच लावता येतं, मच मोर कम्फर्टेबल. किती आहे ना सोपं, जोर मचमध्ये, तुलना ईआर किंवा मोरमध्ये, आपापली कामं वाटून घेतली की गोंधळ नाही.

उलट बाजूला 'थोडं' म्हणायचं तर 'अ लिटल' किंवा 'अ बिट' किंवा 'स्लाइटली'. तो 'अ' गिळू नकोस. 'अ लिटल' म्हंजे थोडं आहे, नुसतं 'लिटल' म्हंजे जवळजवळ नाहीच. तुझं वाक्य दुरुस्त करून असं होतं: इट्स अ लिटल मोर एक्स्पेन्सिव्ह दॅन द गार्डन रूम. कॉस्टली चुकीचं नाही, कॉस्टलिअर पण होतं, पण हॉटेलात एक्स्पेन्सिव्ह जास्त शोभतं. आणि हे ग्रामर नाही पण सांगते, गार्डन रूमला 'चीपर' म्हणू नकोस, चीपमध्ये हलक्या मालाचा वास येतो, मासळी बाजारातला चीप वेगळा आणि रूमचा वेगळा. 'लेस एक्स्पेन्सिव्ह' म्हण, नाहीतर 'इट कॉस्ट्स अ लिटल लेस'. लेस हा मोरचा उलटा, आणि तो सगळ्या आकाराच्या शब्दांना चालतो, त्याला अंगण लहान-मोठं बघायची सवय नाही.

'दॅन' लिहिताना ए, ई नव्हे. आपण दोन्ही 'देन' असंच म्हणतो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे ई लिहितात, ई लिहिलं की 'मग' होतं, 'हा मॅंगो त्यापेक्षा गोड'च्या जागी 'हा मॅंगो गोड, मग तो मॅंगो'.

तुझ्या बहिणीच्या पैजेवर येते. ह्या प्रकरणात माझी स्वतःची इज्जत गेलेली आहे. १९८४ साली एका शाळेत इंटरव्ह्यूला गेले होते, त्यांनी विचारलं की अमुक बाई तिथं शिकवतात त्या तुमच्या ओळखीच्या का. मी म्हटलं, येस सर, शी इज सीनियर दॅन मी. समोरचे गृहस्थ म्हणाले, "टू." मला वाटलं विचारतायत दोन वर्षांनी का, मी म्हटलं, "नो सर, थ्री." ते परत म्हणाले, "टू." मी पण परत ठामपणे, "थ्री, सर." कारण त्या खरंच तीन वर्षांनी मोठ्या होत्या. शेजारी बसलेल्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती नोकरी मिळाली नाही. त्याच कारणाने असं मी म्हणत नाही, पण मिळाली नाही.

संध्याकाळी फोंड्याला घरी आले, बाबा सोप्यावर बसलेले, त्यांना रडत रडत सांगितलं. बाबा पोर्तुगीज काळातले, सेगुंद ग्राव, म्हंजे पोर्तुगीज शाळेतलं प्राथमिक, झालेले, इंग्लिश त्यांना कामापुरतं. ते म्हणाले, एवढंच ना, मग ते टू बरोबरच आहे की, पोर्तुगीजमध्ये पण 'सुपेरियोर आ', 'इन्फेरियोर आ', त्या शब्दांपुढे नेहमीचं 'दु के', म्हंजे तुमचं दॅन, येतच नाही, 'आ' येतं, आ म्हंजे तुमचं टू. आणि मग म्हणाले की त्यांच्या मास्तराच्या हातात पाल्मातोर असायची, लाकडाची, आणि पोरं 'मायश मेल्योर' म्हणाली की तळहातावर बसायची. मायश म्हंजे मोर, मेल्योर म्हंजे बेटर. बघ, तुझंच मोर बेटर, आणि त्यासाठी आपल्या इथंच, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी, पोरांनी मार खाल्लाय.

तर सीनियर, ज्युनिअर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे लॅटिनमधून आलेले शब्द, पोर्तुगीज तर लॅटिनचीच मुलगी, म्हणून बाबांना जे सरळ दिसलं ते मला दिसत नव्हतं. हे आले की दॅन नाही, टू. सीनियर टू मी. प्रायर टू चेक-इन, हे तर तू रोज म्हणत असशील. प्रेफरचं पण तेच, आय प्रेफर टी टू कॉफी. पोर्तुगीजमध्ये त्याला पण आ.

आणि एल्डर? दोघी हरलात. एल्डर हा शब्द नात्याच्या आधी लावायचा, माय एल्डर सिस्टर, आणि तिथंच ठेवायचा. त्याच्यापुढे इंग्लिशमध्ये ना दॅन लावतात ना टू. तुलना करायची तर ओल्डर दॅन. शी इज ओल्डर दॅन मी. 'दॅन आय' की 'दॅन मी' हा वाद शाळेत चालायचा, बोलताना दॅन मी सगळे म्हणतात, तू पण म्हण. 'एल्डर टू' आपल्याकडे अर्धा देश म्हणतो, मला वाटतं सीनियर टू वरून घसरत आलं असावं. पैज कितीची होती ते लिहिलं नाहीस, जी असेल तिचे पेढे आणा आणि आईला द्या.

अजून एक जागा आहे जिथं मराठीत चालून जातं आणि इंग्लिशमध्ये पाय घसरतो, आणि हॉटेलवाल्यांच्या मेलमध्ये मी हे सारखं बघते. आपण म्हणतो आमचा नाश्ता बाकी हॉटेलांपेक्षा चांगला. कोणी विचारत नाही की नाश्त्याची तुलना इमारतीशी कशी केली. इंग्लिशमध्ये 'अवर ब्रेकफास्ट इज बेटर दॅन अदर हॉटेल्स' लिहिलं की नाश्ता हॉटेलपेक्षा चांगला होतो. नाश्ता नाश्त्याशीच तोलायचा, म्हणून 'दॅन द ब्रेकफास्ट अ‍ॅट अदर हॉटेल्स'. रेटचं पण तसंच, डिसेंबरचे रेट पावसाळ्यापेक्षा जास्त नव्हे, पावसाळ्यातल्या रेटपेक्षा जास्त. लांबलचक होतंय वाटलं तर 'हायर इन डिसेंबर दॅन इन जून' म्हण, सुटसुटीत आणि निर्दोष.

डिसेंबरवरून आठवलं, न्यू इयरला रेट दुप्पट होतात तेव्हा 'डबल दॅन' म्हणू नकोस, ट्वाइस अ‍ॅज मच अ‍ॅज. हे 'अ‍ॅज-अ‍ॅज' म्हंजे आपलं 'इतकं', आणि ह्याच्या पोटात विशेषण साधंच ठेवायचं, अ‍ॅज बिग अ‍ॅज, अ‍ॅज क्लीन अ‍ॅज, तिथं ईआर नको. नकार द्यायला हे फार सोयीचं आहे. गार्डन रूम वाईट आहे असं न म्हणता 'इट्स नॉट अ‍ॅज बिग अ‍ॅज द सी-साइड रूम, बट इट्स क्वायटर' म्हटलं की दोन्ही रूमचा मान राहतो.

मोस्ट आणि ईएसटीचं जास्त लांबवत नाही, तिकिटाचा नियम तोच, फक्त आधी 'द' हवं. गोवा इज द स्मॉलेस्ट स्टेट इन इंडिया, ३,७०२ चौरस किलोमीटर, आपल्या नंतरचं लहान सिक्कीम ७,०९६, म्हंजे जवळजवळ दुप्पट. हेच तुलनेने सांगायचं तर 'स्मॉलर दॅन एनी अदर स्टेट', त्यात 'अदर' हवंच, कारण गोवा स्वतः पण एक राज्य आहे आणि स्वतःपेक्षा लहान कसं होणार. जागा असेल तर इन, मोजके जण असतील तर ऑफ. पणजीला मांडवीवर तीन पूल आहेत, त्यातला २०१९ला सुरू झालेला अटल सेतू, गेस्ट टॅक्सीतून येताना त्याच्यावरून येतात आणि मग विचारतात, त्यांना सांग: इट्स द हायेस्ट ऑफ द थ्री. आणि 'वन ऑफ द बेस्ट बीचेस', शेवटी अनेकवचन, वन ऑफ द बेस्ट बीच नाही.

फ्युअर आणि लेसवर डोकं खपवू नकोस. मोजता येतं त्याला फ्युअर, फ्युअर गेस्ट्स, मोजता येत नाही त्याला लेस, लेस ट्रॅफिक. इंटरव्ह्यूत जमलं तर म्हण, नाही जमलं तर इंग्रज लोकांना पण नेहमी जमत नाही. मोर मात्र दोघांना चालतो. इथं एक घोळ होतो म्हणून सांगते: २०११च्या जनगणनेत उत्तर गोवा क्षेत्रफळाने लहान पण माणसं जास्त, १,७३६ चौरस किलोमीटरात ८ लाख १८ हजार, आणि दक्षिणेत १,९६६ मध्ये साधारण ६ लाख ४० हजार. हे असं होतं: नॉर्थ गोवा इज स्मॉलर दॅन साउथ गोवा, बट इट हॅज मोर पीपल. ह्यातला मोर तिकीट नाही, तो स्वतःच प्रवासी आहे, 'मेनी'चा बेटर-बेस्टसारखा अवतार. मोर दिसला की चूक असं धरून त्याला सगळीकडून हाकलून लावू नकोस.

आणि एक गोष्ट तुझ्यासाठी खास, कारण ही मराठीतून जशीच्या तशी उतरते आणि काउंटरवर सोन्यासारखी आहे. आपलं 'जितकं... तितकं'. जितकी रूम बीचला जवळ तितका आवाज जास्त. द क्लोजर टू द बीच, द नॉइझिअर द रूम. दोन्हीकडे 'द', दोन्हीकडे तुलनेचं रूप, दॅन नाही, अ‍ॅज नाही. हे वाक्य एकदा तोंडात बसलं की गेस्ट स्वतःच विचार करून गार्डनकडे वळतो किंवा समुद्राकडे, तुला कोणाला ढकलावं लागत नाही. इंटरव्ह्यूत बहुतेक तुला दोन रूम देतील आणि एक विकायला सांगतील, तेव्हा हे काढ.

तोपर्यंत एक कर. तुमच्या हॉटेलातल्या दोन रूम घे, कुठल्याही, रोज त्यांच्यावर पाच वाक्यं मोठ्याने बोल, आरशासमोर नको, आरशासमोर माणूस चेहरा बघतो. बहिणीसमोर बोल, तिला गेस्ट कर, आणि तिला सांग की मोर बेटर ऐकू आलं तर काही बोलायचं नाही, फक्त हात पुढे करून म्हणायचं, तिकीट. आठ-दहा दिवसांत जीभ आपोआप थांबेल.

क्वायटरच म्हण, लहान आहे आणि नाइट शिफ्टला बरं पडतं. पेढे फोंड्यापर्यंत पोचवले तरी चालतील.